रंग कोणी द्यायचा, पंप कोणी मारायचा?

(मुलींच्या विज्ञान शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलींनो,

आज जे रॉकेट उडवायचं आहे त्याचं बहुतेक सामान तुम्ही घरूनच आणलं आहे. थंड पेयाची दोन लिटरची बाटली, दह्याचे रिकामे डबे, मोडक्या छत्रीचं कापड. वरचं टोपण आणि तीन पंख तेवढे थ्री-डी प्रिंटरवर काढून आणले आहेत. रॉकेटचं नाव 'चायका'. चायका म्हणजे कुरव पक्षी. 16 जून 1963 रोजी 'व्होस्तोक 6' मधून अंतराळात गेलेल्या वालेन्तिना तेरेश्कोवा यांचं हे संकेतनाम. म्हणून पंखही कुरवाचे.

तेरेश्कोवा कापड गिरणीत काम करायच्या, आणि छंद म्हणून हवाई छत्रीनं उड्या मारायच्या. व्होस्तोकमधून परतताना अंतराळवीराला यानातून बाहेर पडून छत्रीनंच उतरावं लागे. म्हणजे गिरणीतल्या बाईचा छंदच तिथे कामी आला. त्यांनी पृथ्वीभोवती 48 फेऱ्या मारल्या. त्यानंतरची स्त्री, स्वेतलाना साविच्काया, अंतराळात गेली ती 1982 साली. मधल्या 19 वर्षांत बायकांना उड्या मारता येईनाशा झाल्या होत्या, असं काही नव्हे!

आता आपल्याकडचं बघू. मुलं-मुली एकत्र असलेल्या गटात बाटली कापणं, कोन मोजणं, पंप मारणं मुलांकडे जातं. रंग, नक्षी, सुवाच्य अक्षरात नाव हे मुलींकडे. "मुलींचा हात किती सुबक," असं शिक्षिकाही म्हणतात. ते कौतुकच असतं, पण त्या कौतुकापायी मुलगी पंपापर्यंत पोचत नाही.

खरं तर रॉकेटात सजावट आणि शास्त्र अशी फाळणी करताच येत नाही. रॉकेटचा तोल ज्या बिंदूवर सावरतो तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा जोर जिथे एकवटतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य टोकाच्या बाजूला, निदान बाटलीच्या जाडीइतका पुढे हवा. तो मागे सरकला की रॉकेट हवेत कोलांट्या खातं. पंख तर शेपटीकडे असतात. त्यांवर हौसेनं पिसं चिकटवली, रंगाचे थर चढवले, की वजन मागे वाढलंच. म्हणून पंख भरीव न छापता आत जाळी ठेवली आहे. तरीही शेपूट जड वाटली तर टोपणात थोडी माती भरा. मग रिकाम्या बाटलीला तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. टोक पुढे राहिलं तर ठीक. पाणी भरून ही परीक्षा घेऊ नका. पाणी तर सुरुवातीच्या क्षणातच निघून जातं.

बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच घ्या, ती दाब सोसते. तिला घासू नका, गरम गोंद लावू नका. प्लॅस्टिक तिथे कमजोर होतं. छापलेल्या भागावर हवेचा दाब कधीही घ्यायचा नाही, कारण त्याचे थर उकलतात. दह्याचा डबा बाटलीच्या बुडावर चिकटवून त्यात छत्री घडी करून ठेवा. टोपण सैल बसवा; वर जाताना ते जागेवर राहतं, वेग ओसरला की सुटतं. छत्रीची घडी घट्ट केली तर ती उघडत नाही. साडीची घडी घालणाऱ्या हातांना हे सांगायला नको, पण त्या हातांनी पुढचंही करायचं आहे.

पाणी एक तृतीयांश. पंपाचा काटा 60 पौंडांवर आला की थांबायचं. सोडण्याची दोरी दहा मीटर लांब, आणि तोवर जवळ कोणी जायचं नाही. पंप मारणारीनं डोळ्यांवर चष्मा लावायचा.

कामं चिठ्ठ्या टाकून वाटली आहेत, आणि प्रत्येक उड्डाणानंतर बदलतील. आयांच्याही चिठ्ठ्या आहेत. मैदानाच्या मधोमध पंप ठेवला आहे. पहिला गट, चला.