सीमेवरच्या घरात इतिहास शिकवताना
(स्वागताध्यक्षीय भाषण, निपाणी)



घरच्या घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांची परिषद आपल्या निपाणीत भरावी आणि तिचा विषय इतिहास असावा, याचा मला फार आनंद आहे. इतिहासाचा अभ्यासक्रम आणि साधनं कशी निवडायची, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पालकांनाही पडतो. पण तो जितका आपल्याला टोचतो तितका त्यांना टोचत नाही. त्यांच्या मुलाच्या हातातलं पुस्तक आणि घरातली आठवण बहुधा एकाच बाजूची असते. आपल्याकडे तसं नाही.

ज्या गावात आपण जमलो आहोत त्याचंच बघा. पेशवाईच्या उत्तरकाळातले सिद्धोजीराव निंबाळकर इथले. एप्रिल 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी आले होते. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मागणारे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि 6 एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रस्त्यावर बसलेली माणसं आजही आपल्या गल्लीत राहतात. आपलं देवचंद कॉलेज गावाला लागून आहे, पण ते ज्या अर्जुननगरात आहे ते महाराष्ट्रात येतं. चार पावलं टाकली की राज्य बदलतं. हे सगळं सलग सांगणारं पाठ्यपुस्तक अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. निपाणीच्या मुलाला निपाणी शिकवायची तर ती घरातच शिकवावी लागते.

आज इथे दोन प्रकारची घरं आली आहेत. काहींनी मुलांना शाळेत घातलेलंच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगितलं, पण न घालणाऱ्याला शिक्षा सांगितली नाही. अशी मुलं चौदा वर्षांची झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसतात आणि तिथे मराठी हा विषयही घेता येतो. दुसरी घरं संख्येने कितीतरी जास्त. त्यांची मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात आणि मराठी वाचन व आपला इतिहास रात्री जेवणं झाल्यावर आई-आजोबांकडून शिकतात. कायद्याच्या भाषेत हे घरशिक्षण नसेल. मी त्याला घरशिक्षणच म्हणतो, आणि दोन्ही घरांचं स्वागत सारख्याच मानाने करतो.

घरी इतिहास शिकवणं ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट नाही. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राजवाड्यात राजपुत्रांना शिकवत होते. शिकवण्यासाठी मराठीत धड पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच टिपणं काढायला घेतली. त्या टिपणांतून 1898 मध्ये ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि पुढे ‘मराठी रियासत’चे खंड आले. मास्तर टिपणं काढता काढता रियासतकार झाले. आपल्यापैकी ज्या आया रोज रात्री वहीत उद्याचा धडा लिहून काढतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता पुस्तकांकडे येतो. आपल्यापुढे मुख्यतः दोन संच असतात. बालभारतीचा एक, आणि दुसरा कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचा, तोही मराठी माध्यमासाठी मराठीत छापलेला. दोन्ही संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीच्या चौथीच्या पुस्तकाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना शिवराय दिले; त्याची जागा दुसरं कुठलंही पुस्तक घेणार नाही. पण त्या संचात आपली भूमी नाही. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची. हे राजे बालभारतीत शोधत बसाल तर हाती फारसं लागणार नाही. कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट, विजयनगर हे कर्नाटकाच्या पुस्तकात ऐसपैस भेटतात. उलट तिथे मराठ्यांचं अठरावं शतक घाईघाईत उरकलेलं दिसतं. काही पालक विचारतात, मग एक निवडून मोकळे का होऊ नये? माझं मत स्पष्ट आहे: दहा ते चौदा या वयात दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी हवीत. एकच निवडाल तर मुलाला एक तर आपली माणसं परकी वाटतील, नाहीतर आपली जमीन परकी वाटेल.

शेजारी शेजारी ठेवल्यावर काय होतं, ते बेलवडीच्या धड्यातून सांगतो. बेलवडी आपल्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात. 1678 मध्ये कर्नाटकच्या स्वारीहून परतताना मराठी फौज या गढीशी अडकली आणि एका बाईने ती गढी लढवली. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या सभासद बखरीत तिचं नाव सावित्री आहे आणि गढी सत्तावीस दिवस भांडली असं म्हटलं आहे. कन्नड परंपरेत तीच बेलवडी मल्लम्मा. त्या परंपरेप्रमाणे शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिचं राज्य तिला परत दिलं. धारवाड जिल्ह्यातल्या यादवाडचं एक शिल्प या प्रसंगाचं मानलं जातं. मराठी घरात हा प्रसंग बहुधा सांगितलाच जात नाही, कारण त्यात आपल्या फौजेला एका बाईने झुंजवलं आहे. माझ्या ओळखीच्या एका पालकांनी तो बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवला. बखरीतला तो उतारा वाचायला दिला, मल्लम्मेची गोष्ट शेजारच्या कन्नड काकूंकडून ऐकायला लावली, आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडे काय काय आहे ते लिहायला सांगितलं. मुलाने डाव्या बाजूला सत्तावीस दिवस लिहिले, उजव्या बाजूला सन्मान लिहिला. मग त्याने खाली तिसरा रकाना केला: ‘हे कोणी, केव्हा लिहिलं?’ तो रकाना त्याला कुणी सांगितला नव्हता. दहावीच्या बालभारतीत इतिहासलेखनाच्या परंपरा आणि उपयोजित इतिहास असे धडे आहेत. त्यांचं सार या मुलाने बाराव्या वर्षी स्वतः काढलं. शिवरायांवरचं त्याचं प्रेम त्यामुळे रतीभरही कमी झालं नाही. उलट शत्रूच्या शौर्याची कदर करणारा राजा म्हणून तो त्यांच्याबद्दल जास्तच बोलतो.

याच न्यायाने इंग्रजांशी लढलेले कित्तूरच्या राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा आपल्या घरात यायला हवेत. रायण्णाला 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडला फाशी दिलं. नंदगड खानापूर तालुक्यातलं, मराठी बोलणाऱ्यांचं गाव. आपल्या मुलांच्या गावात समाधी आहे आणि मुलांना त्याची गोष्ट ठाऊक नाही, हे आपल्याला शोभत नाही.

कादंबऱ्यांविषयी थोडं बोललंच पाहिजे, कारण सीमाभागातल्या घरात इतिहास बऱ्याचदा कादंबरीच्या रूपाने येतो. रणजित देसाई आपल्या शेजारच्या कोवाडचे. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ यांची पारायणं झालेली नाहीत असं घर इथे विरळा. मुलांना त्या जरूर द्या. पण ‘श्रीमान योगी’ देताना नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आधी पालकांनी वाचावी. कादंबरीकाराचं काम कुठे संपतं आणि इतिहासकाराचं कुठे सुरू होतं, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी मांडलं असेल. संवाद लेखकाने रचलेले आहेत, हे मुलाला वेळीच सांगितलं की पुढचे कितीतरी गैरसमज टळतात. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘खऱ्या इतिहासा’च्या चित्रफितींना मात्र अभ्यासक्रमात जागा देऊ नका. ज्यात साधनाचं नाव नाही, ते चौदा वर्षांखालच्या मुलाला दाखवू नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

साधनं विकत घ्यायला पैसे लागतात असा समज आहे, तो खरा नाही. मराठी विश्वकोश आणि कुमार विश्वकोश घरबसल्या वाचता येतात. 1971 पासूनचे ‘किशोर’चे जुने अंकही संगणकावर मिळतात. बाबासाहेबांची मराठी भाषणं महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या अठराव्या खंडात आहेत. बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर 1884 चं. ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेलं आहे, हे सांगून त्यातले बाजार, पिकं, रस्ते मोठ्या मुलांना दाखवा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासून उभं आहे. मुलाला नुसतं कपाटांसमोर एक दुपार सोडलं तरी खूप काम होतं. आणि बेळगावला गेलातच, तर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद जिथे उतरले ती रिसालदार गल्ली आणि 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तो टिळकवाडीचा परिसर एकाच दिवसात होतो. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेही आपल्या बेळगावात.

सगळ्यात मोलाचं साधन मात्र आपल्या घरच्या ट्रंकेत आहे. खानापूरकडच्या एका घरी मी गेलो होतो. घरी शिकणारी अकरा वर्षांची मुलगी जमिनीवर कागद मांडून बसली होती. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर मुंबई राज्य. आजोबांच्या दाखल्यावर म्हैसूर राज्य. वडिलांच्या कागदावर कर्नाटक. तिने आजीला विचारलं, ‘आपण घर किती वेळा बदललं?’ आजी म्हणाली, ‘एकदाही नाही गं.’ मग मुलीने तारखा शोधल्या: 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला, 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं. त्याच ट्रंकेत तळाला मोडीतले कागद होते, ते तिला अजून वाचता येत नाहीत. ती आता मोडी शिकते आहे.

इथून सीमाप्रश्न येतो आणि तो टाळून सीमाभागात इतिहास शिकवता येत नाही. दरवर्षी 17 जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, त्यांत आपल्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते आहेत. मुलांना ते नाव माहीत असलंच पाहिजे. पण भावना जागी करण्याआधी कागद द्या. 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच अहवालाने निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यावं अशी शिफारस केली होती, हे आपल्याच किती मुलांना माहीत आहे? महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो का, त्यात मागणी काय, हे पंधरा वर्षांच्या मुलाला नीट सांगता आलं पाहिजे. 1 नोव्हेंबरचा जो दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो, तोच शेजारच्या कन्नड घरात राज्योत्सव असतो, हेही त्याला आपल्याच तोंडून कळू दे. अन्याय झाला हे आपलं म्हणणं आहे आणि ते मी या व्यासपीठावरून पुन्हा सांगतो. ज्या मुलाला दुसऱ्या बाजूचं म्हणणं पाठ आहे, तोच उद्या आपली बाजू न्यायालयात, विद्यापीठात आणि वर्तमानपत्रात मांडू शकेल. याच सीमाभागात, बेळगावला, 2000 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष होते य. दि. फडके. कागदाशिवाय एक वाक्य न लिहिणारे ते इतिहासकार होते. सीमाभागाच्या मराठी माणसाने त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच.

या परिषदेसाठी गावातल्या तरुणांनी आणि महिला मंडळांनी आठवडाभर झटून तयारी केली आहे. दुपारी झुणका, भाकरी आणि खर्डा आहे, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. आमचे कन्नड शिक्षक मित्रही आज आले आहेत, त्यांचं विशेष स्वागत. व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल तर उदार मनाने सांभाळून घ्या.

आणि एक विनंती. दुपारच्या सत्रात मागच्या भिंतीशी लांब टेबल मांडलं आहे. घरून जुना दाखला, उतारा, पत्र, तंबाखूच्या वखारीची पावती, जे काही आणलं असेल ते तिथे ठेवा. नसेल आणलं तर गावी परतल्यावर ट्रंक उघडा, कागदाचा फोटो काढा, त्यावर वर्ष आणि गाव लिहा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ मुलाला तासभर बसवा. हे काम या महिन्यात करा, पुढे ढकलू नका. ती माणसं आता थकली आहेत.