पापनाशमचा पंप आणि राखीव वीज



तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुका कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला, भातशेतीचा. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते. ज्या वर्षी धरणात पाणी नसते, त्या वर्षी कुरुवै हंगामाची रोपे जगतात ती कूपनलिकेवरील विद्युतपंपांच्या आधारे. तामिळनाडूत असे वीस लाखांहून अधिक शेतीपंप आहेत आणि त्यांना वीज विनामूल्य मिळते.

नेमक्या याच महिन्यांत पालघाट आणि अरलवायमोळी खिंडींतून नैऋत्य वारा घोंघावतो आणि पवनचक्क्या भरात येतात. ही वीज हवीच. परंतु वारा आज्ञेत नसतो आणि सूर्य संध्याकाळी, दिवे लागण्याच्या वेळीच, मावळतो. विद्युतजालात मात्र निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. तो ढळला की सेकंदाला ५० आवर्तनांची वारंवारता ढळते. मेळ पार कोसळला म्हणजे काय होते, हे ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. उत्तर, पूर्व व ईशान्य भारत अंधारात बुडाला. दक्षिणेचे जाल तेव्हा वेगळे होते. रायचूर-सोलापूर वाहिनीने ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी देशाच्या जालाशी जोडले. आज दक्षिणेचा तोल हा सर्वांचाच तोल आहे.

तो सावरण्यासाठी हाताशी ठेवलेली क्षमता म्हणजे राखीव वीज. तिची पहिली फळी काही सेकंदांत आपोआप धावते, तिसरीने पंधरा मिनिटांत उभे राहायचे असते. ती बहुतेक वेळ वापराविना पडून असते, आणि हिशेबनिसाला तो अपव्यय वाटतो. विहिरीतले पाणी रोज तळापर्यंत उपसत नाही म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही!

केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ही तिसरी फळी वीज-बाजारातून विकत घेतली जाते. बोली स्वीकारली, पण वीज मागवली नाही, तर उत्पादकाला बाजारभावाचा दहावा हिस्सा मिळतो, तोही युनिटला २० पैशांच्या मर्यादेत. अस्तित्वात असलेले केंद्र राखून ठेवण्यास हा मोबदला एक वेळ पुरेल. पण नवे धरण त्यातून उभे राहणार नाही. बाजार आजची राखीव वीज विकत घेऊ शकतो. दहा वर्षांनंतरची राखीव वीज आज कोणीतरी बांधावी लागते.

तामिळनाडूत ती बांधली सार्वजनिक वीज मंडळाने. अनैमलै डोंगरातील कदंपारै केंद्राचे १०० मेगावॅटचे चार संच १९८७ ते १९८९ या काळात सुरू झाले, तेव्हा पवनचक्क्या तुतिकोरिन, ओखा, रत्नागिरी येथे प्रयोगादाखल फिरू लागल्या होत्या. जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि नड पडताच खाली सोडायचे, ही तिथली रीत. शंभर युनिटे खर्चून पाऊणशे ते ऐंशी परत मिळतात. उरलेली वीज ही विश्वासाची किंमत होय. महाराष्ट्रात २५० मेगावॅटचे घाटघर त्याच जातीचे, तेही शासनाने बांधलेले.

आता २०२३ पासून महाराष्ट्र शासन अशा उदंचन प्रकल्पांचे करार खासगी कंपन्यांशीही करीत आहे. डोंगर आणि पाणी लोकांचे. मग टंचाईच्या संध्याकाळी वरच्या जलाशयातले पाणी कोणत्या भावाने आणि कोणाच्या आज्ञेने सुटेल, हा प्रश्न करारावर सही होण्यापूर्वीच विचारावा लागेल. राखीव वीज अपुरी पडली तर कुठली तरी वाहिनी तोडावी लागते. बिल न भरणाऱ्या शेतीपंपाची वाहिनी तोडणे हिशेबाला सर्वांत स्वस्त पडते, आणि पापनाशमची रोपे पाण्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाहीत.