सावलीतील बाग : नेच्यांची जोपासना
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



हळदीकुंकू, गाणी आणि अल्पोपाहार यांच्या मध्ये बागकामावरचे व्याख्यान ठेवण्याचे धाडस आपल्या चिटणीसबाईंनी केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानते. मी वनस्पतिशास्त्राची पंडिता नाही. मुलुंडच्या एका उत्तरेकडील गॅलरीत बारा-पंधरा कुंड्या सांभाळणारी गृहिणी आहे. तेव्हा बरेचसे हाताने केलेले आणि थोडेसे वाचलेले सांगणार आहे.

आपल्या उपनगरांत हल्ली बहुतेकींची तक्रार एकच असते, "घरात ऊन येत नाही हो." बैठ्या चाळी आणि दुमजली घरे गेली, त्या जागी मनोरे आले. आमच्या शेजारीही एक उठला आणि गॅलरीतले सकाळचे ऊन गेले. जास्वंदीच्या कळ्या गळू लागल्या, तुळस खुरटली. तुळशीला गच्चीवर जागा मिळाली. पण खाली रिकाम्या कुंड्या राहिल्या. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. त्यांचा सारा दिवस त्या गॅलरीत जातो. त्या म्हणाल्या, "विहिरीच्या आतल्या अंगाला कुठे ऊन असते? तिथे काय उगवते, ते लाव." त्या एका वाक्याने मला नेच्यांची वाट दाखविली.

नेचा म्हणजे ज्याला आपण सर्रास फर्न म्हणतो तो. ही फार जुनी मंडळी. पृथ्वीवर सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीही नेचे होते. त्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. बीजाणू ओलीत रुजला की प्रथम नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे हिरवे पान होते आणि त्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच पुढचा नेचा जन्माला येतो. पावसाळ्यात जुन्या दगडी भिंतींवर नेचे का उगवतात, हे यावरून कळेल. ओल हाच त्यांचा प्राण आहे.

आता निवड. प्रथमच लावणारीने नेफ्रोलेपिस, म्हणजे बाजारातले बोस्टन फर्न, घ्यावे. ते सोशिक आहे. खोलीत ठेवायचे तर बर्ड्‌स नेस्ट चांगले. त्याची रुंद, अखंड पाने ओल्या फडक्याने पुसता येतात. काळ्या तकतकीत देठांचा हंसराज सर्वांत देखणा, पण सर्वांत नाजूक. त्याची माती एकदा कोरडी पडली की पाने चुरगळलीच; तो दुसऱ्या वर्षी आणावा. आणि शोभेचे अ‍ॅस्परॅगस फर्न हा नेचाच नव्हे. तो आपल्या शतावरीचा भाऊबंद. त्याला फुलेही येतात आणि फळेही.

सावली म्हणजे अंधार नव्हे. भर दुपारी दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येते, ती जागा योग्य. स्वयंपाकघरातल्या गॅसजवळ आणि वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली कुंडी ठेवू नये.

मातीसाठी माझे प्रमाण असे : दोन भाग कुजलेल्या पाल्याचे खत, एक भाग लाल माती, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मूठभर कोळशाचे तुकडे. भुशात क्षार असतात, म्हणून तो आधी दोनदा धुवावा. कुंडीच्या तळाशी विटेचे तुकडे घालावेत. नवी पाने जिथून गुंडाळी उलगडत वर येतात, तो गाभा मातीत पुरू नये. पुरला तर कुजतो. खताची हाव नको. पातळ केलेले शेणपाणी महिन्यातून एकदा पुरे.

पाणी घड्याळ पाहून घालू नये, बोट घालून पाहावे. वरची माती कोरडी लागली तर घालावे. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये रोज लागेल. श्रावणात चार-चार दिवस लागणार नाही. थंडीच्या कोरड्या वाऱ्यात पानांची टोके करपतात. तेव्हा खड्यांनी भरलेल्या ताटलीत पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्यात बुडता कामा नये.

ताटलीचे नाव काढले म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. महानगरपालिकेची माणसे कुंड्यांखाली डोकावतात ती उगीच नव्हे. आठवड्यातून दोनदा ताटली ओतून, घासून घ्यावी. अंडी कडेला चिकटून राहतात, त्यामुळे नुसते ओतणे पुरेसे नाही. आपल्या हौसेची किंमत शेजारच्या मुलाने तापाने मोजावी, असे होऊ नये.

पानामागचे ठिपके पाहून घाबरू नका. ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे रांगेत असतील तर बीजाणूच. वेडेवाकडे, देठावरही चिकटलेले आणि नखाने सुटणारे असतील तर खवल्या कीड. ती साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या कापसाने पुसावी.

ज्यांना गॅलरीच नाही त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत हंसराज लावून पाहावा. ही युक्ती लंडनच्या डॉक्टर वॉर्ड यांची. धुराने त्यांच्या बागेतले नेचे मरत. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला, तर आत नेचा उगवला. पुढे त्यांच्या काचपेट्यांतूनच चहाची रोपे चीनहून आपल्या देशात आली. बरणीला ऊन मात्र लागू देऊ नये. आत रोप शिजेल.

शेवटी एक विनंती. पावसाळी सहलीला गेलेल्या भगिनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटून आणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे आणि तसे आणलेले रोप घरात सहसा जगतही नाही. फादर ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांनी १९२२ साली 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ लिहिला, त्यात इकडच्या नेच्यांची नोंद आहे. त्यांतले जे अजून आपल्या टेकड्यांवर आहेत ते तिथेच पाहावेत. घरासाठी रोपवाटिका आहेत, आणि त्याहून जवळ आपण एकमेकी आहोत.

नेफ्रोलेपिसला दोऱ्यासारखे धुमारे फुटतात आणि त्यांना नवी रोपे येतात. तशी वीस रोपे मी आज आणली आहेत. बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. ज्यांच्या घरी कोणी वयस्क माणूस दिवसभर एकाच खिडकीशी बसून असते, त्यांनी ती आधी न्यावीत. दाम काही नाही. पुढच्या वर्धापनदिनाला तिचे एक पिल्लू घेऊन यावे आणि नव्या सभासद भगिनीला द्यावे, एवढीच अट आहे.