यंत्राच्या चुकीचा धनी कोण?



कृत्रिम बुद्धिमत्तेने चुकीचे सांगितले व त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर ते कोणी भरून द्यावयाचे? कॅनडातील एक निवाडा या बाबतीत बोधप्रद आहे.

२०२२ साली आजीच्या निधनामुळे एक गृहस्थ विमानप्रवासास निघाले. एअर कॅनडा कंपनीच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने त्यांस सांगितले की, दुःखप्रसंगीची भाडेसवलत तिकीट काढल्यानंतरही ९० दिवसांत मागता येते. खरा नियम तसा नव्हता. तो त्याच संकेतस्थळावर अन्यत्र दिलेला होता. कंपनीने सवलत नाकारली. संवादयंत्र आपल्या कृत्यास स्वतःच जबाबदार आहे, असाही बचाव तिने केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने २०२४ साली तो फेटाळून सुमारे ८१२ डॉलर देवविले. एका पानावर विश्वास ठेवावा आणि दुसऱ्यावर ठेवू नये, हे ग्राहकाने कसे ओळखावे, असा त्या निवाड्याचा रोख होता.

विद्यार्थ्याचीही स्थिती अशीच असते. गुरुजींनी दिलेले टिपण त्यांचे की यंत्राचे, हे त्यास कळत नाही. तो गुरुजींवर विश्वास ठेवतो. म्हणून यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु मजकूर तपासल्यावाचून वर्गात नेऊ नये. यंत्र ज्याच्या नावाने बोलते, त्याच्या चुकीचा धनी तोच होय.