दिवाडी बेटावर चार दिवस

आमच्या जनवाड्याकडे पाणी म्हणजे मांजरा नदीचे, तेही उन्हाळ्यात डोहापुरते. अशा कोरड्या मुलखातील माणसास चोहोबाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी चार दिवस राहावेसे वाटले, तर त्याने कोठे उतरावे, काय जेवावे आणि काय पाहावे, हे आज सांगावयाचे आहे. ठिकाण आहे गोव्यातील मांडवी नदीतले दिवाडी बेट.

आम्ही तेथे गेलो ते मात्र नाइलाजाने. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे जाहीर दर्शन दहा वर्षांनी एकदा घडते. मागील खेपेस ते २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. माझी आई ऐंशीच्या घरातली. पुढची दहा वर्षे कोणी पाहिली आहेत? म्हणून तिला घेऊन निघालो. पण ज्या लॉजवर खोली ठरविली होती, तेथे दारात पोहोचताच भाडे दुप्पट झाले. शिक्षकाच्या पगारात ते बसणारे नव्हते. आई सामानावर बसून राहिली. शेवटी चहाच्या दुकानदाराने नदीपलीकडे बोट दाखविले.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत दिवाडीस पोहोचविते. तेथे काही कुटुंबे आपल्या जुन्या घरातील खोल्या पाहुण्यांस देतात. अशा घरी उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र न्हाणीघर आत आहे की अंगणापलीकडे, पायऱ्या किती, एवढे आधी विचारावे. वृद्ध माणूस बरोबर असल्यास तर विचारावेच. घरापुढे दगडी बैठकीची ओसरी असते. तिला तेथे बाल्कांव म्हणतात. आमची आई दर्शनाचा एक दिवस सोडला तर बहुतेक तेथेच बसून होती, आणि घरधनीणबाईशी तिचे मराठी व त्यांची कोकणी यांचे उत्तम जुळले.

जेवण घरातच सांगावे, पण सकाळीच. कारण मासळी सकाळी येते. उकड्या तांदळाचा भात, नारळाच्या वाटणातले हुमण आणि वर सोलकढी. मांजरेच्या मरळीवर वाढलेल्या आम्हांस समुद्राच्या मासळीचे काटे नवे होते. तिसऱ्या दिवशी आईला ज्वारीच्या भाकरीची आठवण झाली, तेव्हा बाईंनी कोंड्याची पोय तव्यावर गरम करून दिली. भाकरी नव्हे, पण आईने दोन खाल्ल्या.

फिरावयास बेट पायी पुरते. टेकडीवरील पिएदादचे चर्च पाहावे. तेथून नदीपलीकडे जुन्या गोव्याची शिखरे दिसतात. बेटाच्या उत्तर टोकास नार्वे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे येथले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव पलीकडे डिचोली भागात नेला, आणि त्या गावासही नार्वे हेच नाव पडले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला. फेरीबोटीने नदी ओलांडली की तेथे जाता येते. एका धर्माच्या यात्रेस आलेल्याने दुसऱ्याचे स्थान पाहू नये, असे कोठे लिहिलेले नाही.

पक्ष्यांची आवड असल्यास रायबंदरहून चोडण बेटावर जावे. तेथील खारफुटीत डॉ. सलीम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो आणि त्यावर बगळे उतरतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी बेळगावहून चोर्ला घाटाने साखळी, डिचोली करून नार्व्यास यावे व तेथून फेरीबोट धरावी. पणजीचा वळसा वाचतो. आम्हांस हे परतताना कळले. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचा निशाणांचा उत्सव असतो. त्या सुमारास खोली बरीच आधी ठरवावी. आणि रात्रीची शेवटची फेरीबोट केव्हा, हे धक्क्यावर विचारून ठेवावे. दर्शनाच्या दिवशी रांगेत आमची सांज झाली, आणि आई देवाचे नाव सोडून सारखी बोटीचीच वेळ विचारीत होती.