हिशेबाची विद्या
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त महिलामंडळाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवप्रसंगीं मागें वळून पाहतांना मंदिराच्या भिंती कोणी उभारल्या, घंटा कोणी दिली, याचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करतों. आज आम्ही बोलणार आहों तें मात्र ज्यांचें नांव कोणत्याहि शिळेवर कोरलें जात नाहीं अशा भगिनींविषयीं. घरधनी गेला, व्यसनांत बुडाला किंवा त्याचें काम सुटलें, म्हणजे सारा संसार जिच्या शिरावर येतो, ती आपल्या दारीं येते. आपण तिला शिधा देतों. तो देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. उपाशी पोटीं उपदेश ऐकवत नाहीं. परंतु शिधा आठ दिवसांत सरतो, आणि नवव्या दिवशीं ती सावकाराचें दार ठोठावते.

तेथें दरमहा शेंकडा दहा या दरानें ती पांच हजार रुपये घेते. महिन्याचे पांचशें देतां देतां वर्षअखेर सहा हजार रुपये व्याजांत जातात, आणि मुद्दल पांच हजार जसेंच्या तसें उभें राहतें. तेंच कर्ज बचतगटांतून शेंकडा दोन दरानें घेतलें, तर पहिल्या महिन्याचें व्याज शंभर रुपये होतें. मुद्दल फिटेल तसें तें उतरतें, आणि तें गटाच्याच पेटींत राहतें. एवढें एक गणित जिला उमगलें, तिच्या पदरीं शिध्याहून मोठें दान पडलें असें आम्ही समजतों.

ही दृष्टि महाराष्ट्राला नवी नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचलेल्या स्त्रिया छापखान्याचें कामहि शिकल्या.

म्हसवडची हकीकत तर अलीकडचीच. सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्याच्या या गांवीं रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका भगिनीस पावसाळ्यापूर्वीं डोक्यावर आडोसा म्हणून प्लॅस्टिकचा कागद घ्यावयाचा होता. त्यासाठीं पैसे सांठवावे, तर बँक तिचें खातें उघडीना. तेव्हां श्रीमती चेतना सिन्हा व तेथील स्त्रियांनीं स्वतःचीच बँक काढण्याचें ठरविलें. पहिला अर्ज नाकारला गेला. कारण पुष्कळ स्त्रियांना लिहितांवाचतां येत नव्हतें. त्या रडत बसल्या नाहींत. कामधंदा सांभाळून त्यांनीं अक्षरें गिरविलीं, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां अधिकाऱ्यांपुढें जाऊन म्हणाल्या कीं, कोणत्याहि मुद्दलाचें व्याज आम्हांला तोंडीं विचारा. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आतां एक कटु गोष्ट. वर्ग मोफत असला, तरी शिकणारीला तो फुकट पडत नाहीं. रोजावर जाणारी बाई दुपारीं शिकावयास आली, तर तिचा रोज बुडतो. एस्टीचें भाडें लागतें. लेंकरूं कोणाजवळ ठेवावें हा प्रश्न उरतोच. ही फी कोणत्याहि पाटीवर लिहिलेली नसते, पण भरावी लागते तिलाच. १९८२ सालीं कर्नाटकांतील उजिरे येथें निघालेल्या रुडसेटी संस्थेनें शिक्षणाबरोबर राहणेंजेवणहि मोफत ठेविलें, आणि तिच्या धर्तीवर बँकांच्या अशा संस्था आज देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तेथें आपल्या भगिनींनीं अवश्य जावें. परंतु तान्हें मूल असलेल्या आईनें घर कसें सोडावें?

म्हणून आमचें मागणें लहान आहे. सभागृहाची एक खोली आठवड्यांतून दोन सायंकाळीं उघडी ठेवा. शेजारच्या खोलींत कोणी आजीनें मुलें सांभाळावीं. बँकेंतून निवृत्त झालेल्या बांधवानें सही करणें, पासबुक वाचणें, पैसे भरण्याची चिठ्ठी लिहिणें, व्याज मांडणें एवढें शिकवावें. आणि कचेरींत जाऊन न घाबरतां प्रश्न कसा विचारावा, याचाहि सराव करून घ्यावा. एक पथ्य मात्र सर्वांनीं पाळावें: शिकावयास आलेल्या भगिनीस तिच्या दारिद्र्याची कहाणी विचारूं नये. ती विद्यार्थिनी म्हणून आली आहे, याचक म्हणून नव्हे.

पुढील महोत्सवीं याच व्यासपीठावर, आज पाटी घेऊन बसणारी एखादी भगिनी शिक्षिका म्हणून उभी राहिलेली आपणांस दिसावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतों.