ऐकू येतं, पण कळत नाही



आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात बिघाड आधी मोजतात, मग दुरुस्त करतात. कानाचंही तसंच करावं.

आतल्या कानात शंखासारखी नळी असते. तिच्यातल्या सूक्ष्म केशपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’ निसटतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” अशा वेळी ओरडू नये, समोर बसून सावकाश बोलावं.

तपासणीत दुखत-खुपत नाही. शांत खोलीत हेडफोनवर २५० ते ८००० हर्ट्झचे सूर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. कोणता सूर किती डेसिबलला ऐकू आला, त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. कान-नाक-घसा विभाग आपल्या जिल्ह्यातच, सेवाग्राम आणि सावंगीला आहेत.

आज या गर्दीत आपले कोणी सर किंवा बाई नुसतंच हसून मान हलवत असतील, तर त्यांना विसर पडला असं समजू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा. आणि जमलं तर तपासणीला सोबत जा. आपलीही चाळिशी उलटली आहे, दोघांचीही करून घ्या.